गांवाचें चित्रपुस्तक

आपल्या गांवाचें वर्णन लिहून ठेवावें, ही हौस मराठी लेखकांना फार जुनी आहे. गोविंद नारायण माडगांवकर यांचें ‘मुंबईचें वर्णन’ १८६३ सालीं प्रसिद्ध झालें आणि त्यानंतर पांच वर्षांनीं नारायण विष्णु जोशी यांनीं ‘पुणें शहराचें वर्णन’ छापलें. पेठा, तलाव, देवळें, बाजार, धंदे, सणवार यांची जी माहिती या दोन पुस्तकांत सांठविली आहे, ती आज एका जागीं दुसरीकडे मिळणें कठीण. परंतु तीं वाचतांना मनाला एक रुखरुख लागून राहते. ज्या रस्त्यांचें, ज्या दुकानांचें आणि ज्या माणसांचें हें वर्णन, तीं सारीं दिसत कशीं होतीं?

छायाचित्रणाची विद्या तेव्हां मुंबईंत येऊन पोंचली नव्हती, असें नाहीं. पॅरिसमध्यें दागेर याची युक्ति १८३९ सालीं जाहीर झाली. मुंबईंत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ सालीं स्थापन झाली आणि तिच्या मंडळींत डॉ. भाऊ दाजी लाड व त्यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे होते. नारायण दाजी स्वतः उत्तम छायाचित्रें काढीत. पुढच्याच वर्षीं एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्यें या विद्येचा वर्ग निघाला. त्यांत शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण यांनीं पुढें मुंबईंत स्वतःचा धंदा थाटला. म्हणजे माडगांवकरांचें पुस्तक निघालें त्या वेळीं शहरांत कॅमेरा होता, तो चालविणारे एतद्देशीय हात होते, आणि शहरावर जीव असलेला लेखकहि होता. तरी या तिघांची गांठ एका पुस्तकांत पडली नाहीं. त्याचें कारण बरेंचसें यंत्रांत होतें.

त्या काळची रीत ओल्या कांचेची. इंग्लंडांत फ्रेडरिक स्कॉट आर्चर यानें ती १८५१ सालीं प्रसिद्ध केली. कांचेवर कलोडियन नांवाचा चिकट द्रव ओतावयाचा, ती कांच चांदीच्या क्षाराच्या पाण्यांत बुडवावयाची, ओली असतांनाच कॅमेऱ्यांत घालून चित्र घ्यावयाचें आणि वाळण्यापूर्वीं अंधारांत नेऊन धुवावयाची. हा सारा खटाटोप कांहीं मिनिटांच्या आंत उरकावा लागे. त्यामुळें बाहेरगांवीं जाणाऱ्या छायाचित्रकाराबरोबर अंधारा तंबू, औषधांच्या बाटल्या, कांचांच्या पेट्या आणि स्वच्छ पाणी इतका संसार चाले. देशावरच्या चैत्र-वैशाखांत ओली कांच किती वेळ ओली राहील, हें कोणासहि समजण्यासारखें आहे. शिवाय जें हलेल तें त्या कांचेवर धड उमटत नसे. म्हणून त्या वेळच्या चित्रांत देऊळ स्वच्छ दिसतें, पायऱ्या मोजतां येतात, आणि जेथें माणसें चालत होतीं तेथें नुसता धुरकट पट्टा असतो.

बरें, चित्र निघालें तरी तें पुस्तकांत घालण्याची सोय नव्हती. खिळ्यांबरोबर छायाचित्र छापतां येत नसे. प्रत्येक चित्राची कागदी प्रत निराळी काढून ती हातानें पानावर चिकटवावी लागे. मेजर रॉबर्ट गिल यांनीं अजिंठा व वेरूळ येथें काढलेलीं ७४ छायाचित्रें घेऊन जेम्स फर्ग्युसन यांनीं १८६४ सालीं लंडनास लेण्यांवरचें पुस्तक काढलें, तें याच रीतीनें. अशा पुस्तकाच्या शंभर प्रती काढावयाच्या तर ७,४०० चित्रें चिकटवावयाचीं! तें विकत कोण घेणार? सरकार, संस्थानिक आणि विलायतेंतील विद्वान मंडळी. त्यांना जें पाहावयाचें होतें तेंच त्यांत आलें, आणि त्यांत कोणाचें चुकलें असेंहि म्हणतां येत नाहीं.

१८८० च्या सुमारास या स्थितींत पालट होऊं लागला. तयार केलेल्या कोरड्या कांचा बाजारांत मिळूं लागल्या, तेव्हां अंधाऱ्या तंबूचें ओझें गेलें. त्याच्या मागोमाग हाफटोन ठशाची युक्ति आली. बारीक रेघांची जाळी आंखलेल्या कांचेमधून मूळ छायाचित्राचें पुन्हां चित्र घेतात. त्यामुळें उजेड व अंधार यांचे लहानमोठे ठिपके होतात. ते जस्ताच्या किंवा तांब्याच्या पत्र्यावर तेजाबानें कोरून पत्रा लांकडावर बसविला, कीं तो खिळ्यांच्या शेजारीं उभा राहून त्यांच्याबरोबर छापला जातो. जुन्या मासिकांतील चित्रावर भिंग धरून पाहण्याची ज्यांना संवय आहे त्यांना हे ठिपके ठाऊक असतील. या ठिपक्यांनीं छायाचित्र स्वस्त केलें. पुण्याच्या चित्रशाळेचें ‘चित्रमयजगत्’ १९१० सालीं सुरू झालें तें यांच्याच आधारावर. दादासाहेब फाळके यांना लोक चित्रपटाचे जनक म्हणून ओळखतात, परंतु त्यापूर्वीं ते छायाचित्रकार होते, पुराणवस्तु खात्यांत १९०३ सालापासून कांहीं काळ त्यांनीं नोकरी केली होती, आणि १९०८ सालीं लोणावळें येथें त्यांनीं ठसे करण्याचा व छपाईचा कारखाना काढला होता. तोच पुढें मुंबईंत लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स या नांवानें प्रसिद्धीस आला.

या छापखान्याचें नांव १९१६ सालच्या एका इंग्रजी पुस्तकावर आढळतें. पुस्तकाचें नांव ‘महाबळेश्वर’, कर्ते रावबहादुर दत्तात्रेय बळवंत पारसनीस. यांत योगायोग फारसा नाहीं. फाळके यांचे छापखान्यांतील भागीदार पुरुषोत्तम विश्राम मावजी आणि पारसनीस या दोघांनीं मिळून मराठेशाहीच्या सनदा व तहनामे यांचें संपादन केलें होतें. पारसनीस (१८७०–१९२६) यांनीं साताऱ्यास राहून जन्मभर जुनीं दप्तरें आणि जुनीं चित्रें गोळा केलीं. ‘सातारा’ हें त्यांचें छोटें पुस्तक १९०९ चें, ‘महाबळेश्वर’ १९१६ चें, आणि गतकाळच्या पुण्यावरचें पुस्तक १९२१ चें. राहत्या मुलखांतील एकेक गांव घ्यावा, त्याचीं मिळतील तेवढीं चित्रें जमवावीं आणि त्यांना थोडक्यांत इतिहासाची जोड द्यावी, अशी ही मालिका आहे. ज्याला आपल्या गांवाचें चित्रपुस्तक करावयाचें असेल त्यानें या पुस्तकांवरून आवर्जून नजर फिरवावी. पारसनीसांपाशीं आधीं संग्रह होता, पुस्तक नंतर झालें. हा क्रम ध्यानांत घेण्यासारखा आहे. त्यांचा संग्रह १९३९ सालीं साताऱ्याहून पुण्यास डेक्कन कॉलेजांत गेला, म्हणून आज अभ्यासकांना तो पाहावयास मिळतो.

पारसनीसांचें ऋण मान्य करूनहि एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्यांच्या पुस्तकांत छत्रपति, पेशवे, रेसिडेंट आणि गव्हर्नर जागोजागीं भेटतात. भाजी विकणारी बाई मात्र शोधावी लागते. पुणें, सातारा, महाबळेश्वर या ठिकाणांना राजकारणाचा इतिहास असल्यामुळें तें चालून गेलें. पण ज्या गांवाला राजाहि नव्हता आणि रेसिडेंटहि नव्हता, त्यानें काय करावें? महाराष्ट्रांतील बहुतेक गांवें याच जातीचीं आहेत, आणि पुणें जिल्ह्याच्या उत्तर भागांतील मंचर हें त्यांपैकीं एक ठळक उदाहरण आहे.

मंचर हें पुणें–नाशिक रस्त्यावर पुण्याहून सुमारें ६० किलोमीटरवर, घोड नदीच्या खोऱ्यांतील बाजाराचें गांव. त्याच्या चहूंकडे नामांकित स्थळें पसरलीं आहेत. उत्तरेस जुन्नर, तेथें शिवनेरी, लेण्याद्री, मानमोडी आणि तुळजा येथील लेणीं मिळून दोनशेंच्या वर कोरीव खोल्या आहेत. पश्चिमेस सह्याद्रीच्या माथ्यावर भीमाशंकर. जेम्स बर्जेस आणि पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं पश्चिम हिंदुस्थानांतील लेण्यांचे शिलालेख १८८१ सालीं एकत्र प्रसिद्ध केले, त्यांत जुन्नरला मानाचें स्थान आहे. हेन्री कझिन्स यांनीं काढलेलीं जुन्नरच्या लेण्यांचीं छायाचित्रें पुराणवस्तु खात्याच्या जुन्या संग्रहांत आहेत. या विद्वानांचें काम प्राचीन वास्तूंचें होतें. रस्त्याच्या कडेला भरणारा बाजार, त्यांतील तेली, तांबोळी, शिंपी, कासार, हे त्या कामांत बसत नव्हते. १८८५ सालीं पुणें जिल्ह्याचें गॅझेटियर तीन भागांत निघालें, त्यांतहि मंचरच्या वांट्याला आलेली जागा थोडीच आहे. बाहेरचा मनुष्य बाहेरच्या दृष्टीला मोठें दिसतें तेंच टिपणार. मंचरचें चित्रपुस्तक व्हावयाचें असेल तर तें मंचरकरांनींच केलें पाहिजे, हें येथें उघड होतें.

अशा पुस्तकांत काय यावें, याचा विचार करूं लागलें म्हणजे पहिल्यानें बारव आठवते. मंचरची जुनी दगडी बारव ही गांवाची सर्वांत जुनी ओळख. तिच्यांतील झिजलेला देवनागरी लेख चौदाव्या शतकांतला मानतात. झिजलेल्या लेखाचें छायाचित्र घेणें ही वाटते तितकी सोपी गोष्ट नाहीं. समोरून लख्ख उजेड पडला तर अक्षरें नाहींशीं होतात. सकाळचें किंवा संध्याकाळचें तिरपें ऊन दगडावरून घसरत येतें तेव्हां प्रत्येक खांचेची एक कड अंधारते आणि अक्षर उठून दिसतें. ऊन पोंचत नसेल तेथें आरशानें किंवा विजेच्या दिव्यानें तोच तिरपेपणा आणावा लागतो. बारवेचा घाट कळावा म्हणून एक चित्र वरून, एक तळाकडून आणि एक पायऱ्यांवर माणूस उभा करून घ्यावें. माणसावांचून तिची खोली कागदावर कळत नाहीं.

बारवेनंतर बाजार. येथें पुस्तक करणाऱ्याची खरी परीक्षा आहे. मंचरचा बटाटा-कांद्याचा आणि तरकारीचा बाजार सबंध जिल्ह्यांत प्रसिद्ध आहे. तालुक्याच्या दक्षिण अंगास सातगांव पठार म्हणून जो उंच भाग आहे तेथें पावसाळी बटाट्याचें पीक होतें, आणि त्यासाठीं पंजाबांतून येणारें बियाणें मंचरच्या बाजारांत उतरतें. ज्येष्ठ महिन्यांत बियाण्याच्या गोणी, पुढें पावसाच्या अखेरीस शेतांतून निघालेला माल, आडत्यांच्या पेढ्या, हमालांच्या पाठी, लिलावाचा गलबला, वजनकांट्याभोंवतीं जमलेलीं माणसें, हा वर्षाचा फेरा आहे. एका दिवशीं कॅमेरा घेऊन गेल्यानें तो हातीं लागत नाहीं. निदान एक वर्ष तरी प्रत्येक महिन्यांत त्याच ठिकाणीं उभें राहून चित्रें घ्यावींत, तेव्हां कोठें बाजाराचें अंतरंग दिसूं लागेल. घाईनें केलेल्या चित्रपुस्तकांत सारा गांव एकाच ऋतूंत राहत असल्यासारखा वाटतो.

मंचरचें रूप तर अलीकडे फार वेगानें बदलत आहे. पुणें शहर भोसरी, मोशी, चाकण असें नाशिकच्या रस्त्यानें वर सरकत आलें. चाकणच्या कारखान्यांत कामाला जाणारीं तरुण मंडळी खेड-मंचरपर्यंत राहतात. एके काळीं स्वतंत्र असलेलें बाजाराचें गांव हळूहळू शहराच्या ओसरींत येऊन बसत आहे. मोठा रस्ताहि आतां गांवाबाहेरून वळविला आहे. वर्षानुवर्षें ज्या रस्त्यामुळें दुकानें ओळीनें उभीं राहिलीं, उपाहारगृहें चाललीं आणि एस्. टी. थांबली, तो रस्ता बाजूला गेला म्हणजे जुन्या ओळीचें काय होतें? कांहीं फळ्या उतरतात, कांहीं ठिकाणीं नवे मजले चढतात. पाट्या बदलतात त्या तर कोणाच्या लक्षांतहि येत नाहींत.

गांवाचें रूप नाहींसें होणें म्हणजे काय, हें या तालुक्याइतकें दुसऱ्या कोणास कळलें असेल! तालुक्याचें नांव आंबेगांव; परंतु ज्या गांवावरून हें नांव पडलें तें आंबेगांव आज जागेवर नाहीं. घोड नदीवर डिंभें येथें विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत धरण झालें आणि जुनें आंबेगांव त्याच्या पाण्याखालीं गेलें. जलाशयाला याच तालुक्यांतील महाळुंगें पडवळच्या बाबू गेनूचें नांव दिलें आहे, जो १२ डिसेंबर १९३० रोजीं मुंबईंत परदेशी कापडाची मोटार अडवितांना हुतात्मा झाला. उन्हाळ्यांत पाणी ओसरलें म्हणजे जुन्या गांवाचे दगडी अवशेष उघडे पडतात आणि कुतूहलानें लोक तेथें जाऊन छायाचित्रें काढतात. धरणाच्या कामांत प्रत्येक घराची मोजणी होते. खण किती, दारें किती, आवारांत झाडें किती, हें मोबदल्यासाठीं कागदावर येतें. ओट्यावर कोण बसत असे आणि देवळाच्या पुढें दीपमाळेची सांवली कोठवर पडत असे, याचा रकाना त्या पंचनाम्यांत नसतो. तें काम छायाचित्राचें होतें, आणि त्याची वेळ धरणाच्या भिंतीबरोबर संपली.

त्याहून दारुण गोष्ट माळीणची. ३० जुलै १९१४ नव्हे, अगदीं अलीकडे, ३० जुलै २०१४ रोजीं मुसळधार पावसांत डोंगराचा कडा सुटला आणि आंबेगांव तालुक्यांतलें हें गांव चिखलाखालीं गाडलें गेलें. दीडशेंहून अधिक माणसें गेलीं. सकाळीं एस्. टी. घेऊन आलेल्या चालकाला गांव जागेवर दिसलें नाहीं, आणि त्याच्यामुळें बाहेरच्या जगाला बातमी कळली. दुसऱ्या दिवशींच्या वर्तमानपत्रांत माळीणचें चित्र देशभर छापून आलें. परंतु तें चित्र चिखलाचें होतें. १९१७ सालच्या नव्हे तर २०१७ सालच्या एप्रिलमध्यें नवें माळीण वसवून लोकांच्या हवालीं करण्यांत आलें. सरळ रस्ते, एकसारखीं घरें. जुन्या घरांबरोबर घराच्या भिंतीवरच्या तसबिरीहि मातींत गेल्या. ज्यांचीं माणसें गेलीं त्यांना नातेवाइकांकडे असलेल्या एखाद्या लग्नाच्या चित्रांत मागें उभा असलेला चेहरा शोधावा लागतो.

गांव मोडण्यापूर्वीं त्याचीं चित्रें घेऊन ठेवावीं, ही कल्पना स्कॉटलंडांतील ग्लासगो शहराला १५० वर्षांपूर्वीं सुचली होती. १८६६ च्या कायद्यानें त्या शहरांतील जुन्या, दाट, रोगट गल्ल्या पाडून टाकण्याचें ठरलें. त्यासाठीं नेमलेल्या मंडळानें टॉमस ॲनन या छायाचित्रकाराला १८६८ ते १८७१ या काळांत त्या गल्ल्यांचीं चित्रें घेण्यास सांगितलें. रीत तीच ओल्या कांचेची. गल्ल्या अरुंद, उजेड थोडा, आणि माणसें हललीं कीं भुतांसारखीं पुसट. तरी त्या चित्रांवांचून आज त्या वस्तीचें रूप डोळ्यांपुढें येणें शक्य नाहीं. पाडण्याच्या खर्चांत चित्रांचा खर्च धरण्याची बुद्धि त्या मंडळाला झाली, याचें कौतुक वाटतें. आपल्याकडे रस्त्याच्या किंवा धरणाच्या अंदाजपत्रकांत अशी एक ओळ घातली तर ती कोणाच्या डोळ्यांतहि खुपणार नाहीं.

घरांचीं व गल्ल्यांचीं चित्रें पुष्कळ झालीं, परंतु माणसांचें काय? या बाबतींत इटलींतील एक पुस्तक फार बोधप्रद आहे. चेझारे झावात्तिनी हा चित्रपटांचा नामांकित लेखक पो नदीच्या कांठच्या लुझ्झारा या गांवचा. पॉल स्ट्रँड या अमेरिकन छायाचित्रकाराला एका साध्या गांवाचें पुस्तक करावयाचें होतें. झावात्तिनीनें त्याला आपलेंच गांव दिलें. १९५३ सालीं चित्रें घेतलीं आणि १९५५ सालीं पुस्तक निघालें. त्याचें नांवच मुळीं ‘एक गांव’ अशा अर्थाचें आहे. लुझ्झारांत पाहण्यासारखें म्हणून कांहीं नाहीं. दारांत उभी असलेली एक आई आणि तिच्याभोंवतीं तिचे वाढलेले मुलगे, हें त्यांतलें चित्र आज जगभर माहीत आहे. पण पुस्तकाची खरी थोरवी चित्राशेजारच्या मजकुरांत आहे. तेथें लेखकाचें पांडित्य नाहीं. ज्याचें चित्र त्याचेच शब्द आहेत. किती जमीन, किती मुलें, युद्धांत कोण गेला, हें तो आपल्या तोंडानें सांगतो. पुढें १९७३ सालीं बिल ओवेन्स यानें कॅलिफोर्नियांतील लिव्हरमोर या गांवाच्या नव्या उपनगरी वस्तीवर जें पुस्तक काढलें, त्यांतहि हीच रीत आहे. ओवेन्स तेथील स्थानिक वर्तमानपत्राचा छायाचित्रकार होता. रोज ज्या लोकांत वावरे त्यांचींच चित्रें त्यानें घेतलीं आणि खालीं त्यांचेच बोल छापले. मंचरच्या पुस्तकाला हा धडा चांगला लागू पडेल. हमालाच्या चित्राखालीं ‘कष्टकरी’ असा एक शब्द छापण्यापेक्षां तो किती वर्षें ओझीं वाहतो, पहिली गोणी किती किलोची उचलली आणि आतां पाठ कशी आहे, हें त्याच्याच बोलींत चार ओळी घातलें तर वाचक त्या पानावर थांबेल.

नवीं चित्रें काढण्याइतकेंच जुनीं चित्रें गोळा करण्याचें महत्त्व आहे. मंचरसारख्या बाजाराच्या गांवांत फोटो स्टुडिओ हा लग्नसराईंत सबंध पंचक्रोशीचा आधार असे. रंगविलेला पडदा, त्यावर बाग किंवा जिना, पुढें एक खुर्ची, काळ्या कापडाखालीं वांकलेला फोटोवाला, आणि श्वास रोखून बसलेलें नवीन जोडपें. खेड्यापाड्यांतून माणसें बैलगाडीनें येत, बाजार करीत आणि जातां जातां फोटो काढीत. तीं चित्रें घरोघरीं भिंतीवर तिरकीं टांगलेलीं असतात, कांहीं ट्रंकेंत साड्यांच्या घडींत असतात. दमट हवेनें त्यांवर बुरशी येते. कांचेला चिकटलेलें चित्र ओढून काढलें तर चेहराच कांचेवर राहतो. म्हणून तें चौकटींतून काढण्याच्या भरीस पडूं नये, कांचेसकट त्याची प्रत घ्यावी. मूळ चित्र त्याच दिवशीं, त्याच घरीं, त्याच खिळ्यावर परत गेलें पाहिजे. ‘नेऊन देतों’ म्हणून नेलेले फोटो परत न आल्याची तक्रार महाराष्ट्रांतल्या प्रत्येक गांवांत ऐकूं येते, आणि अशा एका अनुभवानंतर ती आळीच्या आळी पुढच्या माणसाला दार उघडीत नाहीं.

आजकाल प्रत्येकाच्या खिशांत कॅमेरा आहे आणि एका लग्नांत हजारों चित्रें निघतात. त्यांवरून गांवाचीं चित्रें भरपूर झालीं असें समजणें घाईचें होईल. यंत्र बदललें, हरवलें किंवा पाण्यांत पडलें कीं सारा सांठा जातो. आणि राहिला तरी कोणत्या चित्रांत कोण आहे याचा पत्ता नसतो. छायाचित्रांतील माणसाला ओळखणारें शेवटचें माणूस गेलें म्हणजे तें चित्र मुकें होतें. त्यामुळें पुस्तक करणाऱ्यानें पहिल्यानें कॅमेऱ्याकडे न वळतां वहीकडे वळावें. गांवांतील सत्तरीच्या पुढचीं माणसें, विशेषतः बायका, चित्र हातीं येतांच डावीकडून उजवीकडे भराभर नांवें सांगतात, माहेरचें नांव सांगतात, अंगावरच्या लुगड्याचा रंग सांगतात, जो चित्रांत मुळींच नसतो. तें तेथल्या तेथें लिहून घ्यावें. मूळ चित्राच्या पाठीवर शाईनें लिहूं नये, शाई पुढें उमटते. मऊ पेन्सिलीनें कडेला आंकडा घालावा आणि त्या आंकड्याखालीं वहींत सविस्तर नोंद करावी. ज्याचें चित्र त्याची संमति घ्यावी, आणि ज्याला नको असेल त्याला आग्रह करूं नये.

पानांचा क्रम हा शेवटचा आणि अवघड भाग. देवळें एकीकडे, पुढारी एकीकडे, शाळा एकीकडे अशी वर्गवारी केली तर पुस्तक सरकारी अहवालासारखें होतें, आणि देणगीदारांचीं चित्रें पुढें घातलीं तर तें स्मरणिकेसारखें होतें. मंचरचा क्रम वर्षाच्या फेऱ्यानें लावणें बरें. पेरणी, पावसाळा, पोळा, गणपति, बटाट्याची काढणी, लग्नें, आणि चैत्रांतल्या यात्रा. यात्रांबरोबर बैलगाड्यांच्या शर्यती आल्याच. खेड, आंबेगांव, जुन्नर या तालुक्यांचें तें वेड आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानें २०१४ च्या मे महिन्यांत त्या बंद झाल्या, डिसेंबर २०२१ मध्यें सशर्त परवानगी मिळाली, आणि मे २०२३ मध्यें घटनापीठानें ती कायम केली. मधल्या सात वर्षांत घाट ओस होते. शर्यतीचा घाट माणसांनीं भरलेला आणि तोच घाट गवतानें भरलेला, अशीं दोन चित्रें समोरासमोरच्या पानांवर आलीं तर त्यावर मजकुराची फारशी गरज पडणार नाहीं. शर्यतीच्या बाजूचें किंवा विरुद्ध मत पुस्तकानें देऊं नये. तें काम न्यायालयानें केलें आहे.

एका जातीच्या चित्रांना मात्र कोणत्याहि क्रमांत अगत्यानें स्थान द्यावें, तीं म्हणजे शाळेच्या वर्गांचीं. जवळजवळ प्रत्येक घरांत असें एक तरी निघतें. मागें उभीं मुलें, मध्यें बाकावर गुरुजी, पुढें मांडी घालून बसलेलीं लहान मुलें, बहुतेकांचे पाय अनवाणी. त्यांतलीं निम्मीं मुलें पुढें मुंबईस गेलीं, कांहीं शेतावर राहिलीं, कांहींचा ठावठिकाणा लागत नाहीं. पण अशा चित्रांना तारखेसाठीं कोणाच्या आठवणीवर अवलंबून राहावें लागत नाहीं. पुढच्या रांगेंतल्या मधल्या मुलाच्या हातांत पाटी असते, आणि तीवर खडूनें शाळेचें नांव, इयत्ता आणि साल लिहिलेलें असतें. चित्र कितीहि फिकटलें तरी काळ्या पाटीवरचीं तीं पांढरीं अक्षरें भिंगाखालीं वाचतां येतात.